मेमरी कमी पडतेय, साहेब

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना होता. शकुंतला हरपळे तिथे टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासर फुरसुंगीचं. शेती थोडी, खाणारी तोंडं फार. नवरा संभाजी टेम्पोवर होता. पहाटे गावातली भाजी भरून मार्केट यार्डात नेऊन टाकायचा आणि दुपारी घरी येऊन आडवा व्हायचा. सुनेनं नोकरीला जावं हे सासऱ्यांच्या, दत्तोबांच्या, मनात नव्हतं. "आत बसून फोन उचलायचा, एवढंच काम हाय," असं संभाजीनं सांगितल्यावर ते कसेबसे गप्प बसले.

काम एवढंच नव्हतं. कारखान्याच्या सगळ्या शेडमध्ये कर्णे लावलेले होते. कोणा साहेबांना फोन आला आणि साहेब जागेवर नसले, की शकुंतलानं माइक पुढे ओढून पुकारायचं: "देवस्थळी साहेब, जिथे असाल तिथून नऊ नंबर लावा." याला तिथे पेजिंग म्हणत. सासरी मोठ्यानं बोलायची चोरी असलेली ही मुलगी माइकसमोर बसली की तिचा आवाज फाउंड्रीच्या गडगडाटातही लख्ख ऐकू जायचा.

पहिल्याच आठवड्यात डिझाइन खात्याचे मुख्य, शरच्चंद्र मेहेंदळे, तिच्या दारात येऊन उभे राहिले होते. उंच, किडकिडीत, खिशाला दोन पेनं. म्हणाले, "बाई, 'कोण बोलतंय' असं विचारत नाहीत. 'आपण कोण बोलता' असं विचारतात. पलीकडे माणूस आहे हे गृहीत धरायचं."

शकुंतलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण तिनं ते शब्द धरून ठेवले आणि महिन्याभरात तिचं फोनवरचं बोलणं असं झालं की मालकांच्या घरच्या मंडळींनाही ही पुण्याच्या पेठेतली कोणी असावी असं वाटायचं. मेहेंदळ्यांना दुपारी शाळेतून त्यांच्या मुलाचा फोन यायचा. निरंजन त्याचं नाव. "बाबांना द्या ना," असं अगदी हळू म्हणायचा. कधी डबा विसरलेला असायचा, कधी गणित अडलेलं. शकुंतला पेजिंग करायची आणि मेहेंदळे येईपर्यंत त्या मुलाला बोलण्यात गुंतवून ठेवायची.

पुढे टेलेक्स आला, तो तिच्या खोलीत ठेवला. फॅक्स आला, तोही तिथेच. निरोप आणणारं जे जे यंत्र कारखान्यात यायचं ते तिच्याच खोलीत येऊन पडायचं, आणि ती ते शिकून घ्यायची. मग टेलिफोनचा बोर्डच आपोआप चालणारा झाला, कर्णे गंजून उतरवले गेले, आणि आता या बाईंचं काय करायचं असा प्रश्न पडायच्या सुमारास कारखान्यानं स्वतःचा मेल सर्व्हर घेतला. खोलीत एसी बसला. काळ्या रंगाची एक पेटी टेबलाखाली घुरघुरू लागली. मालक म्हणाले, "हरपळेबाई बघतील."

ज्या कंपनीनं सर्व्हर विकला होता तिच्या इंजिनिअरनं, श्रीधरनं, तिला थोडे दिवस शिकवलं. नवीन माणसाचा पत्ता कसा उघडायचा, पासवर्ड कसा बदलायचा, तुंबलेले मेल कुठे दिसतात, बॅकअप कसा घ्यायचा. तिनं सगळं मराठीत लिहून घेतलं. पगार होता तेवढाच राहिला, हुद्दाही टेलिफोन ऑपरेटरच राहिला. फक्त लोक आता "फोन लागत नाही" ऐवजी "मेल आला नाही" म्हणत तिच्या दारात उभे राहू लागले.

दोन-तीन वर्षं बरी गेली. मग दोन हजार पाचच्या उन्हाळ्यापासून सर्व्हर तिलाच मेल पाठवायला लागला. सर्व्हरवर काही बिनसलं की तो जबाबदार माणसाला आपोआप कळवतो, हे तिला माहीत होतं, पण आजवर कधी तशी वेळ आली नव्हती. इंग्रजीत एक ओळ असायची: वॉर्निंग, मेमरी कमी, पेजिंग फार.

पेजिंग हा शब्द पाहून तिला पहिल्यांदा वाटलं, मशीन कोणाला तरी पुकारतंय आणि तो माणूस जागेवर नाही. ती हे कोणाला बोलली नाही. श्रीधरला फोन करून तिनं एवढंच विचारलं, "पेजिंग म्हणजे नक्की काय हो, यात?"

श्रीधर पोरगेलासा होता, पण समजावून सांगायची हातोटी होती त्याला. "काकू, मेमरी म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा समजा. लागतं ते सगळं हाताशी ओट्यावर. ओटा भरला, की काही भांडी माळ्यावर टाकायची आणि लागली की शिडी लावून खाली काढायची. माळा म्हणजे हार्ड डिस्क. ही जी चढ-उतर चालते ती पेजिंग. थोडी चालायचीच. पण बाई दिवसभर शिडीवरच राहिली, तर पोळ्या कधी लाटणार?"

"मग ओटा मोठा करायचा."

"तेच. जास्तीची मेमरी बसवायची. तुमच्याकडे आता सगळे डिझाइनचे नकाशे मेलनं पाठवतात, वर व्हायरस तपासणारं सॉफ्टवेअर प्रत्येक नकाशा उघडून बघतं. एवढ्याशा ओट्यावर ते मावत नाही."

त्या दिवसापासून शकुंतला त्या वॉर्निंगा वाचायला शिकली. सकाळी सगळे एकदम मेल उघडतात तेव्हा येणारी वॉर्निंग साधी. अर्ध्या तासात ओसरते. जेवणानंतर येते ती वाईट. तेव्हा डिझाइनवाले नकाशे पाठवतात, डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबून सलग पेटलेला राहतो, पेटीचा आवाज बदलतो आणि मेल रांगेत अडकून बसतात. काही उशिरा जातात. काही परत येतात. नाशिकच्या एका डीलरला एकच कोटेशन तीनदा गेलं आणि त्यानं फोन करून विचारलं, की पंप तिप्पट घ्यायचे आहेत का.

तिनं खरेदी खात्याकडे मेमरीसाठी अर्ज दिला. खरेदीचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "बंद पडलाय का?"

"नाही साहेब. वॉर्निंग येतेय."

"वॉर्निंग म्हणजे इशारा. इशाऱ्याला आपण खर्च करत नाही. बंद पडल्यावर या."

ती परत गेली. पुन्हा दोनदा अर्ज दिला, पुन्हा तेच झालं. घरी ती संभाजीला सांगायची, तर तो भाकरीवर ठेचा घेत म्हणायचा, "टेम्पोचं इंजिन गरम व्हाया लागलं की मी थांबतो. तुझं मशीन थांबाया तयार न्हाई आन् साहेब पानी घालाया तयार न्हाई. तू कशाला जीव जाळतीस?"

पण जळायचा. कारण मेल आला नाही की लोक मालकांकडे जात नव्हते, खरेदी खात्याकडे जात नव्हते. तिच्याकडे येत होते.

मेहेंदळे तोवर निवृत्त होऊन सल्लागार झाले होते. आठवड्यातले थोडे दिवस शनिवार पेठेतून पीएमटीच्या बसनं हडपसरला यायचे, जुन्या डिझाइनवर नजर टाकायचे आणि दुपारी आपल्या जुन्या टेबलावर बसून कॅनडात असलेल्या निरंजनला मेल लिहायचे. घरी कॉम्प्युटर नव्हता. "घरात टीव्ही आहे, तेवढा उपद्रव पुरे," असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी कार्तिकात ते शकुंतलाच्या खोलीत आले. हातात एक छापील कागद.

"हरपळेबाई, माझं पत्र परत आलं."

तिनं कागद घेतला. पाठवलेला मेल पोचला नाही, अशी इंग्रजी सूचना. खाली कारण दिलं होतं: असा कोणी माणूस इथे नाही.

"हा माणूस इथे नाही म्हणजे काय?" मेहेंदळे म्हणाले. "सहा वर्षं तो त्या कंपनीत आहे. याच पत्त्यावर मी लिहितोय. तुमचं मशीन पत्त्यात काहीतरी घोळ करतंय."

"बघते साहेब," ती म्हणाली. तिलाही तसंच वाटलं. दुपारची वेळ होती, दिवा सलग पेटलेला होता. "उद्या परत पाठवून बघा."

त्यांनी परत पाठवला. परत आला. मग पुन्हा. प्रत्येक वेळी ते कागद छापून घेऊन यायचे. वरती विषयाच्या जागी लिहिलेलं असायचं, 'माझ्या आधीच्या पत्राच्या संदर्भात'. बाप मुलाला असं लिहितो याचं तिला नवल वाटायचं, पण मेहेंदळ्यांना ओळखणाऱ्याला ते खटकलं नसतं.

तिनं श्रीधरला बोलावलं. तो आला, खुर्ची ओढून बसला आणि निरंजनच्या कंपनीच्या सर्व्हरशी थेट बोलायला लागला. काळ्या पडद्यावर ओळी उमटत गेल्या. श्रीधरनं दुसऱ्या एका पत्त्याची चौकशी केली. पलीकडनं उत्तर आलं, चालेल, पाठवा. मग निरंजनचं नाव टाकलं. असा कोणी माणूस इथे नाही.

"काकू, आपल्याकडे दोष नाही," श्रीधर म्हणाला. "मेल नीट पोचतो. त्यांनी तिकडे ते नाव काढून टाकलंय. नोकरी सोडली असेल, नाहीतर पत्ता बदलून घेतला असेल."

"बदलला तर वडलांना कळवलं नसतं का?"

श्रीधरनं बॅग आवरली. त्याला पिंपरीला दुसरा सर्व्हर बघायचा होता. जाता जाता म्हणाला, "पण मेमरी मात्र खरंच घ्या. हे मशीन फार दिवस काढणार नाही."

तो गेला. सांगायचं तर होतं. ती उठली आणि डिझाइन खात्यात गेली. मेहेंदळे टेबलाशी वाकून हातानं कच्चा मजकूर लिहीत होते. ते आधी कागदावर लिहायचे आणि मग टाइप करायचे. समोर वर्तमानपत्रात बांधून आणलेले शेंगदाणे होते, त्यांना हात लागलेला नव्हता.

"सापडला का दोष?" त्यांनी मान वर करून विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर अशी खात्री होती, की दोष आहे, तो यंत्राचा आहे, आणि यंत्राचा दोष सापडतो.

शकुंतलानं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "मेमरी कमी पडतेय, साहेब."

"म्हणजे?"

"पेजिंग फार होतंय. मशीनवर ताण येतो. मग मेल परत येतात."

"दाखवा."

ते तिच्या मागोमाग आले. तिनं त्यांना वॉर्निंगा दाखवल्या. त्या खऱ्याच होत्या. सगळ्या जेवणानंतरच्या, त्यांच्या पत्र लिहिण्याच्या वेळेच्या. मेहेंदळ्यांनी खिशातून चष्मा काढला आणि एक एक ओळ वाचली. मग मान हलवली. कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैलावलेला तिनं पाहिला.

"मग हे आधी सांगायचंत की. मी बोलतो."

ती खोलीत एकटी उरली तेव्हा तिला घाम फुटला होता. एसी चालू होता.

दोन दिवसांनी तिनं मेहेंदळ्यांच्या घरी फोन लावला. मेहेंदळे त्या वेळी कारखान्यातच होते, हे बघूनच लावला. मनात असं, की त्यांच्या पत्नीकडे मुलाचा नवा पत्ता असेल, तो घ्यावा आणि गुपचूप साहेबांच्या यादीत घालून द्यावा. मेल जाऊ लागतील, मग काही सांगायलाच नको.

कुसुमताईंनी फोन उचलला. शकुंतलानं ओळख सांगितली.

"हो हो, फोनवरच्या हरपळेबाई. निरंजन अजून तुमची आठवण काढतो," त्या म्हणाल्या आणि एकदम थांबल्या.

"काढतो? म्हणजे बोलणं होतं तुमचं?"

 कुसुमताई म्हणाल्या, "दुपारी करतो, तिकडे रात्र असते. हे तिकडे असतात तेव्हा."

आणि मग, अनोळखी बाईला सांगणं सोपं जातं म्हणून असेल, त्यांनी सगळं सांगून टाकलं. निरंजनचं आणि त्याच्या बायकोचं पटलं नाही. गेल्या वर्षी ते वेगळे झाले. हे कळलं त्या दिवशी मेहेंदळ्यांनी त्याला फोनवर सांगितलं होतं, आता माझ्याशी बोलायचं नाही, काय ते लेखी. आणि मग लेखी सुरू झालं. पत्रामागून पत्र. त्यात मुद्दे. मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा, पोटमुद्दा. त्यानं बायकोकडे परत का जावं याची कारणं.

"तो बिचारा आधी उत्तरं द्यायचा," कुसुमताई म्हणाल्या. "मग एकदा म्हणाला, आई, सकाळी ऑफिसात गेलो की पहिलं ते दिसतं आणि मला दिवसभर काही सुचत नाही. मी पत्ता बदलून घेतलाय. बाबांना सांगू नकोस."

"तुम्ही सांगा ना त्यांना. हळूच."

"काय सांगू? मुलानं तुम्हाला दार लावलंय, आणि माझ्यासाठी खिडकी ठेवलीय? दुपारचा फोन आहे तेवढा माझ्याकडे आहे, बाई. हे कळलं की तोही जाईल." मग त्या म्हणाल्या, "परवा हे घरी आले तेव्हा बरे होते. म्हणाले, मशीनचा दोष आहे, दुरुस्त होईल. नीट जेवले. तुम्हीच सांगितलंत ना ते?"

"हो."

"असू दे मग थोडे दिवस."

शकुंतलानं रिसीव्हर ठेवला. आता हे खोटं तिचं एकटीचं राहिलं नव्हतं, आणि मागेही घेता येत नव्हतं.

इकडे मेहेंदळे बोलले. कारखान्याचे मालक तरुणपणी त्यांच्याच हाताखाली ड्रॉइंग शिकले होते. मेहेंदळ्यांनी त्यांना दोन पानी टिपण दिलं: मेल सर्व्हरवर मेमरीचा तुटवडा, त्यामुळे होणारं पेजिंग, त्याचे परिणाम, उपाय. वॉर्निंगांचा तक्ता जोडला. तिनं तीन अर्जांत जे मागितलं होतं, ते मालकांनी त्यांचं टिपण वाचून दुपारच्या आत मंजूर केलं. खरेदीचे साहेब स्वतः तिच्या दारात येऊन म्हणाले, "तुम्ही आधी नीट समजावून सांगायला हवं होतंत."

मेहेंदळे खुशीत होते. "आता आठवड्याभरात बघा," ते म्हणाले. "मी तोवर पत्रं लिहून ठेवतो. एकदम पाठवू."

ती काय म्हणणार? मेमरी नको म्हणावी, तर कारखान्याचे निम्मे मेल अडकत होते. रोज कोणीतरी तिच्यावर डाफरत होतं. उन्हाळ्यापासून तिनं ज्यासाठी उंबरे झिजवले ते दारात येत होतं, आणि ते येऊ नये असं तिला वाटत होतं. तिनं श्रीधरला विचारलंसुद्धा, "माल यायला उशीर नाही का होणार?"

"छे हो काकू, स्टॉकमध्ये आहे," तो म्हणाला.

एका शनिवारी श्रीधरनं सर्व्हर बंद केला, पेटी उघडली, आत साचलेली धूळ फुंकली आणि बोटभर लांबीच्या दोन हिरव्या पट्ट्या बसवल्या. पुन्हा चालू केल्यावर पेटीची घुरघुर वेगळीच ऐकू आली, शांत. सोमवारी सकाळी सगळ्यांनी मेल उघडले. दिवा लुकलुकत राहिला. जेवणानंतर नकाशे गेले. वॉर्निंग आली नाही. मंगळवारीही आली नाही. डिझाइन खात्यातल्या एकानं येऊन चक्क आभार मानले.

बुधवारी मेहेंदळे आले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची चळत. ते थेट आपल्या टेबलाशी गेले. शकुंतला खोलीत बसून पडद्यावर बघत राहिली. तिला तिथून सगळ्या मेलची ये-जा दिसायची. मेहेंदळ्यांचा पहिला मेल गेला. पापणी लवते न लवते तोच परत आला. दुसरा गेला, परत आला. आता मशीनवर काही ताण नव्हता. सगळं कसं झटपट होत होतं. तिसरा परत आल्यावर पडदा स्थिर झाला.

मेहेंदळे दारात आले. या वेळी कागद छापून आणला नव्हता.

"वॉर्निंग आहे का आज?"

"नाही साहेब."

"पेजिंग?"

"नाही."

त्यांनी खुर्ची घेतली. आजवर ते त्या खोलीत कधी बसले नव्हते.

"मग?"

इंटरनेटची लाइन, असं काहीतरी तिच्या जिभेवर आलं होतं. पण ते तिच्याकडे अशा नजरेनं बघत होते की तिला ते उच्चारता येईना. ती म्हणाली, "त्यांनी तिकडे पत्ता बंद केलाय, साहेब. आपल्याकडे दोष नाही."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"कार्तिकात."

मेहेंदळ्यांनी बाहेर पाहिलं. मार्गशीर्षातलं फिकं ऊन शेडच्या पत्र्यावर पडलं होतं.

"म्हणजे मी टिपण लिहिलं, मालकांना भेटलो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो साहेब."

"आणि तुम्ही मला पेजिंग दाखवत होतात."

"पेजिंग खरं होतं, साहेब."

"ते मला कळलंय," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "माझ्या घरी कोणाशी बोललात का यातलं?"

"नाही," शकुंतला म्हणाली.

ते उठले. दारापर्यंत गेले, तिथे क्षणभर कडीला हात लावून उभे राहिले, आणि गेले. आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्यांनी जे करायचं ते लेखी केलं. मालकांच्या नावे पत्र. मुद्दा पहिला: मेल सर्व्हरच्या जबाबदार व्यक्तीनं तांत्रिक वस्तुस्थिती जाणूनबुजून दडवली. मुद्दा दुसरा: त्या चुकीच्या माहितीवर विसंबून कारखान्याला खर्चाची शिफारस झाली. मुद्दा तिसरा: सबब आपण सल्लागारपदावरून मुक्त होत आहोत. मुलाचा उल्लेख कुठेही नव्हता.

मालकांनी तिला बोलावून पत्र वाचायला दिलं. "बाई, इतकी वर्षं तुम्ही आहात. मेमरी तर लागतच होती, हे श्रीधरही सांगतो. मग तुम्ही साहेबांना खोटं का सांगितलंत?"

तिच्याकडे उत्तर होतं. पण ते द्यायचं तर निरंजनबद्दल बोलावं लागलं असतं, आणि निरंजनबद्दल बोललं की कुसुमताईंचा दुपारचा फोनही बोलण्यात आला असता. तो फोन मालकांच्या टेबलावर ठेवायचा तिला काय अधिकार?

"चुकलं साहेब," ती म्हणाली.

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला काढलं नाही. मेलचं काम श्रीधरच्या कंपनीकडे सोपवलं, आणि तिला आवक-जावक विभागात, कुरियरची पाकिटं नोंदवायला बसवलं. खोलीची किल्ली देताना तिनं श्रीधरला सांगितलं, "जेवणानंतर एकदा दिव्याकडे बघत जा." तो हसला. "काकू, आता काही येत नाही. निवांत आहे सगळं."

त्या संध्याकाळी तिनं संभाजीला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू त्यांचं भलंच बघितलंस."

"कोणाचं झालं भलं?"

 संभाजी उठला आणि त्यानं स्वतःच चहा टाकला. तो जरा जास्तच उकळला.

संक्रांत झाली. फेब्रुवारीत एक दिवस आवक-जावकच्या फोनवर तिच्यासाठी फोन आला. कुसुमताई होत्या. बाजूच्या बिऱ्हाडातून बोलतेय म्हणाल्या.

"हे आता दिवसभर घरीच असतात," त्या म्हणाल्या. "कारखाना सुटला ना. दुपारी फोन वाजला की हेच उचलतात."

 हे शकुंतलाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मालकांपुढे ती गप्प राहिली होती ती त्या एका फोनसाठी.

"मग? निरंजन?"

"महिनाभर त्यानं केलाच नाही. कसा करणार? मग गेल्या आठवड्यात केला. ह्यांनी उचलला. तो काही बोलला नाही, हेही काही बोलले नाहीत. मी आत कणीक मळत होते. नुसती शांतता. मला वाटलं, ठेवला. बाहेर येऊन बघते तर रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवलेला, आणि हे गॅलरीत जाऊन उभे. मला म्हणाले, तुझा फोन आहे."

"एवढंच?"

"एवढंच. मी बोलले दोन मिनिटं. मला काही धड बोलता येईना, त्याला येईना. काल परत आला. परत तसंच. उचलतात, टेबलावर ठेवतात, बाहेर जातात."

"त्यांना कळलं असेल, की आधीपासून..."

"विचारत नाहीत. आणि मी सांगत नाही." कुसुमताईंच्या मागे कोणीतरी भांडी आवरत होतं. "मी तुम्हाला एवढ्यासाठीच फोन केला, की तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. ह्यांनी एकदा विचारलं होतं मला, हरपळेबाईंशी तुझं कधी बोलणं झालं का. मी नाही म्हटलं. तेव्हा कळलं मला."

 काउंटरवर कुरियरवाला पाकिटांचा गठ्ठा घेऊन उभा होता आणि सहीसाठी पेन पुढे करत होता.

"साहेबांची तब्येत बरी आहे ना?" तिनं विचारलं.

"जेवण कमी झालंय," कुसुमताई म्हणाल्या. "बाकी काय. बघू."

त्यांनी फोन ठेवला. शकुंतलानं सही केली, पाकिटं मोजून घेतली आणि डिझाइन खात्याची वेगळी काढली.